फौजेनंतर इन्स्पेक्शन: कोतमधून गेज रूममध्ये

गेजवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात गावाकडून, कोरेगाव तालुक्यातून, एका पोराचा फोन आला. पोरगा म्हणतोय खरा, पण चाळिशीचा हवालदार आहे, मार्चमध्ये पेन्शनवर येतोय. म्हणाला, "दादा, एका सिक्युरिटीवाल्याशी बोलणं झालंय. बारा तासांची ड्युटी आहे. जाऊ का?" तासभर बोललो त्याच्याशी. मग वाटलं, हे एकदा लिहूनच काढावं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

मी ईएमईत आर्मरर होतो, २४ वर्षं. ईएमई म्हणजे फौजेचं दुरुस्तीचं दल, १९४३ साली उभं राहिलेलं. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. माझी बरीचशी नोकरी पायदळाच्या पलटणींना जोडलेल्या एलएडीत, म्हणजे छोट्या दुरुस्ती तुकडीत, गेली. कोतमधून, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यातून, रायफली तपासायला यायच्या. त्यातलं एक काम हेडस्पेसचं, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला किती जागा उरते ते बघायचं. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, गो गेज (ठरलेल्या मापाचा तुकडा) घालायचं आणि बोल्ट दोन बोटांनी हळूच पुढे न्यायचा, जोर लावायचा नाही. गोवर बोल्ट बंद झालाच पाहिजे. मग नो-गो घालायचं, त्यावर बंद होता कामा नये. दोन्ही गेजांत फरक जेमतेम केसाएवढा. नो-गोवर बोल्ट मिटला तर रायफल बाजूला, रजिस्टरमध्ये तिचा नंबर, शेरा आणि खाली माझी सही. ती रायफल उद्या कुणाच्या गालाला लागणार हे मला ठाऊक असायचं. रात्री लंगरमध्ये तो जवान माझ्याच शेजारी ताट घेऊन बसलेला असायचा.

२०१५ ला घरी आलो. सहा महिने भोसरीत एका कारखान्याच्या गेटवर गार्ड होतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही, त्यावर माझ्या घराची चूल पेटलीय. पण आत मशीन शॉपचं शटर उघडं असायचं, आणि एक मुलगा दिवसभर बोअरमध्ये, म्हणजे कातलेल्या भोकात, गेज घालून बघताना दिसायचा. एक टोक लांब, एक टोक आखूड, आखूड टोकाला लाल रंग. ते गो-नोगो प्लग गेज आहे हे ओळखायला मला कुणी सांगावं लागलं नाही. आठवडाभर धीर गोळा केला आणि क्वालिटीच्या साहेबांना थांबवून विचारलं.

त्यांनी टेबलावर एक मायक्रोमीटर आणि पाच पिना ठेवल्या. "मापून लिहा." मी आधी मायक्रोमीटरची तोंडं कागदानं पुसली, झिरो बघितला, तो किंचित सरकलेला होता तसं कागदावर लिहिलं आणि मग पिना मापल्या. पाचपैकी दोन रीडिंग चुकली, कारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागातलं माप तोवर फारसं घेतलेलं नव्हतं. तरी त्यांनी घेतलं. त्या आठवड्यात आलेल्या मुलांपैकी झिरो कुणी बघितलाच नव्हता, असं मला पुढे कळलं.

पुढचं वर्ष जड गेलं, तेही सांगतो. ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. डेटम म्हणजे काय, पोझिशन कशी मोजायची, २५ एच-७ (२५ मिलिमीटरच्या भोकाला किती सूट, त्याची खूण) म्हटल्यावर शून्य ते अधिक २१ माइक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हे कुठून आलं, यातलं काही येत नव्हतं. शिकवणारी मुलगी २६ वर्षांची. ती मला काका म्हणायची, मी तिला मॅडम. रिजेक्शनची नोट इंग्रजीत मेल करायची असायची. माझ्या थोरल्याकडून तीन नमुने लिहून घेतले आणि तेच पुढे चालवले. सहा महिन्यांनी माझे मी लिहू लागलो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मुलाखतीत सगळे म्हणतात, "फौजी माणूस, शिस्त असेल." शिस्त म्हणजे त्यांच्या डोक्यात वेळेवर येणं, बूट चकचकीत आणि सांगितलेलं ऐकणं. इन्स्पेक्शनला यातलं पहिलं थोडंफार लागतं. शेवटचं तर कधीकधी घातच करतं.

एक उदाहरण देतो. सेंटरलेस ग्राइंडिंग केलेल्या १२ मिलिमीटरच्या पिना होत्या. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते उणे ११ माइक्रॉन. मायक्रोमीटरनं कुठूनही मापा, ११.९९४. अगदी मधोमध. पण गो रिंग गेज, म्हणजे पिनेवर चढायलाच हवी अशी कडी, काही जाईना. गाडी लागलेली, डिस्पॅचवाले डोक्यावर उभे. शिफ्टचे साहेब म्हणाले, "माप बरोबर आहे, रिंगच खराब झाली असेल. पास करा." मला त्या वेळी कारण माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की गो जात नाही. तेवढंच लिहिलं आणि लॉटला होल्डचा टॅग लावला. साहेब चिडले. फौजेत २४ वर्षं "जी साहब" म्हटलेल्या माणसाला समोरच्या साहेबाला नाही म्हणताना काय होतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तोंडाला कोरड पडली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती पिन व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत, ठेवली, वर डायल (काट्याचं मापयंत्र) लावला आणि बोटानं फिरवायला सांगितली. एका फेऱ्यात काटा तीन वेळा वर गेला, तीन वेळा खाली आला, पंधरा-सोळा माइक्रॉन. पिन गोल नव्हतीच. तिला तीन बोथट कोन होते. अशा जॉबला, म्हणजे मशीनवर केलेल्या नगाला, समोरासमोरच्या दोन बिंदूंवर मापलं की सगळीकडून सारखंच माप येतं. रिंग मात्र फसत नाही, कारण ती सगळ्या बाजूंनी एकदम बघते.

साहेबांनी पुढे तो विषय काढला नाही. पण त्यानंतर माझा टॅग दिसला की आधी जॉब बघायचे, मग बोलायचे.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. रविवारी निवांत उत्तरं देतो.

---

रेडबिन

काका, फार छान लिहिलंत. मी चाकणला क्वालिटीत आहे, सहा वर्षं झाली.

रीडिंगबद्दल माझा एक अनुभव. आमच्याकडे नौदलातून आलेले एक काका आहेत. गेज आर अँड आर करत होते, म्हणजे मोजणीवर किती भरवसा ठेवायचा त्याची चाचणी: दहा पार्ट, तीन माणसं, प्रत्येकानं तीनदा मापायचं. हिशेब लावला तर काकांची रीडिंग स्वतःशीच सगळ्यात कमी जुळत होती. बाकी दोघांची अगदी तंतोतंत. एकूण आकडा, म्हणजे मोजणीतल्या गडबडीचा वाटा, दहा टक्क्यांच्या आत आला. दहाच्या आत म्हणजे उत्तम, तिसाच्या वर म्हणजे ती मोजणी निकामी. सगळे खूश. मला मात्र चैन पडेना. मग पार्टचे नंबर झाकले, क्रम बदलला आणि पुन्हा घ्यायला लावलं. बाकी दोघांची रीडिंग काकांपेक्षा जास्त विखुरली. पहिल्या खेपेला त्यांनी आधीचा आकडा लक्षात ठेवून तोच लिहिला होता. काकांनी प्रत्येक वेळी जे दिसलं ते लिहिलं होतं. गेज खरोखरच बदलायला झालं होतं आणि ते आम्हाला काकांच्या "वाईट" रीडिंगमुळे कळलं.

तुमच्या हातून कधी चुकीचा माल पुढे गेलाय का? नवीन माणसांना त्यातूनही शिकता येईल, म्हणून विचारते.

---

गेजवाला

गेलाय. तिसऱ्या वर्षी.

अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, ८० एच-७ बोअर, म्हणजे शून्य ते अधिक ३० माइक्रॉन. रात्रपाळी. माल तातडीचा, म्हणून मशीनवरून उतरला की लगेच मी बोअर गेज लावत होतो. जॉब हाताला कोमट लागत होता, ते जाणवत होतं, पण मनावर घेतलं नाही. रीडिंग अधिक १८, अधिक २०, एकदम झकास. साठ नग पास केले.

गिऱ्हाइकाकडे बेअरिंग बसेना. माल परत आला तेव्हा थंड होता, मापला तर उणे ८, उणे १०. अ‍ॅल्युमिनियम मीटरला दर अंशामागे सुमारे २३ माइक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरचं बोअर खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर २७-२८ माइक्रॉन मोठं दिसतं. टॉलरन्सच तीसचा. म्हणजे मी अख्खा टॉलरन्स उबेत मापला होता. माझी सेटिंग रिंग, जिच्यावर गेज लावून घेतात ती, मात्र पोलादाची आणि खोलीच्या तापमानाला, ती बिचारी बरोबरच सांगत होती. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं असतं हे मी वर्गात ऐकलेलं होतं, पण हातात उतरलं नव्हतं.

दोन दिवस गिऱ्हाइकाच्या दारात बसून एक-एक नग निवडला. रिपोर्टवर माझंच नाव होतं आणि मी ते कबूल केलं. त्यानंतर जॉब आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावतो, बाळाचं दूध बघतात तसा. कोमट असेल तर ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून देतो आणि दुसरं काम करतो.

---

शिरोलीकर

कोल्हापुरातून लिहितोय, शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे. दहा वर्षांत चार माजी सैनिक ठेवले. दोघं अजून आहेत आणि सोन्यासारखी माणसं आहेत. दोघं गेले. का गेले तेही इथं यायला पाहिजे.

एक सुभेदारसाहेब होते. ऑपरेटरच्या चुका त्यांनी चारचौघांत काढल्या. पहिल्या महिन्यातच ऑपरेटर त्यांना पहिला जॉब दाखवायला येईनासे झाले. आमच्या धंद्यात सेटिंग झाल्यावरचा पहिला नग इन्स्पेक्टरला दाखवणं हा सगळ्याचा पाया आहे. तो दाखवायची ऑपरेटरला भीती वाटायला लागली की पुढचे दोनशे नग देवाच्या भरवशावर. साहेबांचं एकही माप चुकलं नाही, पण शॉपमधलं रिजेक्शन वाढलं. मी दोनदा बोललो. त्यांना ते पटलं नाही आणि ते सोडून गेले. वाईट वाटलं.

दुसऱ्यांना चाळिशीचा चष्मा लागला होता, ते मान्य करत नव्हते. व्हर्नियरची रेघ कुठली कुठे जुळवायचे. डोळे तपासून घेण्यात कमीपणा कसला?

पगाराचंही बोलतो. मालक म्हणून माझ्या मनात येतंच की यांना पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, दवाखान्याचं ईसीएचएस आहे. थोडं कमी दिलं तरी चालतंय की.

---

तोफची_देवळाली

शिरोलीकर, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणानं लिहितो. पेन्शन हा आमच्या मागच्या नोकरीचा हिशेब आहे. पंधरा वर्षं पुरी केल्याशिवाय ती मिळत नाही, आणि त्या वर्षांत मुलांचे किती वाढदिवस चुकले ते आम्हाला माहीत. तुमच्याकडे जो माणूस आठ तास मान खाली घालून माप घेतो, त्याच्या कामाची किंमत तुमच्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी किती कमी झाल्या त्यावर ठरवा. बाप जमीन ठेवून गेलाय म्हणून तुम्ही कुठल्या ऑपरेटरचा पगार कापता का?

मी तोफखान्यातला. सर्व्हेची, मोजमापाची सवय होती, आता नाशिकला सातपूरमध्ये सीएमएमवर, म्हणजे तीन दिशांनी माप घेणाऱ्या मशीनवर, बसतो. पहिल्या मुलाखतीत पेन्शनचा आकडा सांगून बसलो आणि तीन वर्षं त्याचं नुकसान सोसलं. आता जो कुणी विचारायला येतो त्याला सांगतो, आकडा सांगायचा नाही.

---

शिरोलीकर

तोफचीसाहेब, जमिनीचं बोललात ते लागलं. विचार करतो.

---

माणदेशी_कन्या

गेजवाला दादा, नमस्कार. मी पहिल्यांदाच इथे लिहितेय.

माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत नायक आहेत. आठ महिन्यांनी घरी येतील, सतरा वर्षं होतात. ते टेक्निकल नाहीत, शिक्षण दहावी. तुम्ही तर हत्यारांचे मिस्त्री होतात, तुम्हाला गेज माहीत होतं. ह्यांना कसं जमेल? ते फोनवर म्हणतात, "मला बंदूक चालवता येते, दुरुस्त करता येत नाही." गावात सगळे गार्डच होतात म्हणून तेही तेच म्हणायला लागलेत. कुणीतरी असंही सांगितलं की पंधरा वर्षं नोकरी झाली की दहावीवाल्याला पदवीधर धरतात. ते कंपनीत चालतं का?

---

स्लिपगेज

ताई, मी टूल रूममध्ये मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, शिकवून निवृत्त झालोय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. ती सवलत सरकारी क्लास थ्रीच्या, म्हणजे ग्रुप सीच्या जागांसाठी आहे. खासगी कंपनीत तिचा उपयोग नाही. तिथे मापून दाखवावं लागतं.

आता धीर येईल असं एक सांगतो. आम्ही ज्या स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, सगळी मापं लावतो, त्यांचा जन्म बंदुकीच्या कारखान्यातला आहे. कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनमधल्या एस्किलस्टुना गावच्या सरकारी रायफल कारखान्यात आर्मरर आणि तपासनीस होता. १८९४ मध्ये तो माउझर रायफलींच्या कामासाठी जर्मनीत ओबर्नडॉर्फला गेला. तिथे प्रत्येक मापाला एक स्वतंत्र ठोकळा, असे ढीगभर ठोकळे त्यानं बघितले. परत येताना आगगाडीत त्यानं विचार केला, मोजके ठोकळे असे निवडावेत की एकमेकांना जोडून हवं ते माप तयार होईल. १८९६ पर्यंत ते त्यानं प्रत्यक्षात आणलं. त्याच्या १०२ तुकड्यांच्या संचातून १ पासून २०१ मिलिमीटरपर्यंत शतांशाच्या पायरीनं वीस हजार मापं होतात. आजही तसंच चालतं. ४१.१२५ हवंय? १.००५, १.१२, ९ आणि ३०. चार ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की चिकटतात, हातानं उचलले तरी सुटत नाहीत.

तुमच्या मिस्टरांना सुट्टीवर आले की हे गणित घाला. शेवटचा आकडा आधी उडवायचा, मग त्याच्या आधीचा. दहावीचं दशांश अपूर्णांक पक्कं असेल तर पुरतं. माझ्या वर्गात इंजिनिअर मुलं इथंच अडखळायची, आणि पायदळातून आलेल्या एकानं दोन दिवसांत हातखंडा मिळवला होता.

---

गेजवाला

ताई, मिस्टरांना आधी हे सांगा की गार्डची नोकरी कुठे पळून जात नाही, ती पन्नाशीतही मिळते. अडतिसाव्या वर्षी शिकून घेतलेलं पन्नाशीत नव्यानं शिकणं अवघड.

आठ महिने हातात आहेत, हे फार मोठं आहे. मी नोकरीत असताना काहीच केलं नाही आणि घरी आल्यावर सहा महिने गेटवर गेले. शेवटच्या काळात डीजीआरचे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, कोर्स असतात. जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) त्याची फी भरावी लागत नाही. युनिटमध्ये आजच्या आज हेड क्लार्कना विचारायला सांगा, कारण नाव वेळेत जावं लागतं. यादीत क्वालिटीचं किंवा सीएनसीचं काही असेल तर तेच घ्या. ते मिळालं नाही तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी अल्प मुदतीचे कोर्स असतात. घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायचं, ते वेगळं.

आणि ते टेक्निकल नाहीत असं म्हणू नका. रायफल झिरो करताना पाच गोळ्यांचा ग्रुप बघून साइट किती सरकवायची ते त्यांना कळतं ना? ग्रुप छोटा आहे पण बाजूला पडलाय, किंवा मध्ये आहे पण पसरलाय, हा फरक त्यांना हातानं माहीत आहे. आमच्याकडे सीपी आणि सीपीके म्हणून दोन आकडे असतात, मुलं ते महिनाभर पाठ करतात. पहिला सांगतो पसारा किती, दुसरा सांगतो पसारा मध्यावर आहे का. फायरिंग रेंजवरचा माणूस हे एका चहात समजून घेतो. मीच दोघांना समजावलंय.

भोसरीत आलात तर रविवारी घरी या. माझ्याकडे जुना मायक्रोमीटर आहे आणि डबाभर पिना आहेत. वहिनी म्हणून नाही, धाकटी बहीण म्हणून सांगतोय, संकोच करू नका.

---

रेडबिन

ताई, एक माझ्याकडून. त्यांना मायक्रोमीटरच्या टोकाचं रॅचेट (ठरावीक जोर झाला की टिकटिकतं ते) वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावायला सांगा. ताकदवान हात मायक्रोमीटर आवळतात आणि पाच-सहा माइक्रॉन कमी वाचतात. तीन टिकटिक, बस.

---

माणदेशी_कन्या (अकरा महिन्यांनंतर)

नमस्कार सगळ्यांना. धागा वर काढतेय. हे डिसेंबरात आले. डीजीआरमधून बारा आठवड्यांचा कोर्स मिळाला होता. दादांच्या घरी चार रविवार जाऊन बसले, वहिनींच्या हातची भाकरीही खाल्ली. गेल्या महिन्यात चिंचवडला इनप्रोसेसवर, म्हणजे माल बनत असतानाच्या तपासणीवर, लागले. आता पुढचं तेच लिहितील, बाजूला बसलेत.

नमस्कार. लिहायची सवय नाही. दादा, आज एक अडचण आली. अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबमध्ये गो प्लग गेला आणि आतच अडकला. ऑपरेटर म्हणाला हातोडीनं मार. मी नाही मारला, तसाच टेबलावर ठेवून लाल टॅग लावून घरी आलोय. बरोबर केलं का?

---

गेजवाला

बरोबर केलंत. हातोडी लावायची नाही, पिळायचाही नाही, बोअर ओरखडतं आणि गेज कायमचं जातं. उद्या गेल्यावर तोंडाशी तेलाचे दोन थेंब सोडा आणि जॉब बाहेरून गरम हवेनं थोडा तापवा, फक्त जॉब, गेज नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं, प्लग सरळ धरलात तर अलगद निघेल.

निघाल्यावर तो जॉब पास करू नका. आधी तोंडाशी बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कडा, आहे का नख फिरवून बघा. बर नसेल तर जॉब पूर्ण गार होऊ द्या आणि बोअर गेजनं वर, मध्ये आणि तळाला अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मापा. सहा आकडे होतील. मला संध्याकाळी पाठवा. आणि त्याच्या आधीचे पाच नग कुठल्या ट्रेमध्ये आहेत ते ऑपरेटरला आजच फोन करून विचारून ठेवा, सकाळी ते पुढे गेलेले नसावेत.